कारण काढून टाका, हाताला काम द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही हलक्याफुलक्या प्रेमकथेची पटकथा लिहिताय. नायक तेवीस वर्षांचा, एका नोकरीत टिकत नाही. एका मुलीच्या मागे असतानाच तो वयाने मोठ्या, लग्न झालेल्या बाईच्या प्रेमात पडतो आणि शेवटी पहिलीकडे परत येतो. वाचणारे म्हणतात, 'हा असा का वागतो तेच कळत नाही.' म्हणून तुम्ही त्याला मित्रापाशी मन मोकळं करायला लावलंत, तब्बल तीन पानं. तरी पटेना. मग कोणीतरी फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफोचा 'बेझे व्होले' (१९६८), म्हणजे 'चोरलेली चुंबनं', बघायला सांगितला. तुम्ही पाहिलात, आवडलाही. पण 'यात तर काहीच घडत नाही, मग शिकायचं काय?'

मी लेखिका नाही, संकलक आहे. पंचवीसेक वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं आणि चित्रित केलेलं कापत आले. त्यामुळे उत्तर कापणाऱ्या माणसाच्या बाजूने देते. ती तीन पानं फाडा आणि मुलाच्या हातात काहीतरी काम द्या. हा चित्रपट आतून चालतो तो एवढ्याच गोष्टीवर.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण पहिल्याच दृश्यात तुम्ही गोंधळला असणार. सुरुवातीला पॅरिसच्या शायो राजवाड्यातल्या सिनेमाथेकचं, म्हणजे चित्रपट संग्रहालयाचं, बंद दार दिसतं आणि चित्रपट आन्री लांग्ल्वाला अर्पण केलेला आहे. जुने चित्रपट गोळा करून जपणारा हा माणूस; आपल्याकडे पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात पी. के. नायरांचं जे स्थान, तसं काहीसं त्याचं तिथे. फेब्रुवारी १९६८मध्ये सरकारने त्याला पदावरून दूर केलं, चित्रपटवाले रस्त्यावर उतरले आणि एप्रिलमध्ये सरकारला त्याला परत आणावं लागलं. नेमक्या त्याच आठवड्यांत त्रुफो हा चित्रपट करत होता. इकडे चित्रीकरण, तिकडे निदर्शनं. पाठोपाठ मे महिन्यात फ्रान्समधला कान चित्रपट महोत्सव बंद पाडणाऱ्यांतही तो होता. एवढं सगळं पेटलेलं असताना पडद्यावर काय, तर एक वेंधळा मुलगा बुटांचे खोके बांधतोय. काहींना तेव्हा हे पळपुटेपणाचं वाटलं असेल. मला वाटतं, दिग्दर्शकाचं अर्धं लक्ष बाहेर असल्यामुळेच चित्रपटाला हा सैल, मोकळा श्वास मिळाला. ही माझी समजूत, पुरावा मागू नका.

आता नायक. अन्त्वान द्वानेल हा त्रुफोने झां-पिएर लेओ या एकाच नटाला घेऊन वीस वर्षं वाढवलेला मुलगा. १९५९च्या पहिल्या चित्रपटात तो कुमारवयीन आणि घरातून हुसकावल्यासारखा, १९६२मध्ये एक छोटी गोष्ट, मग हा, पुढे १९७०मध्ये संसार आणि १९७९मध्ये शेवटचा भाग. पण तुम्ही याच चित्रपटापासून सुरुवात केलीत ते बरं झालं. अभ्यास म्हणून क्रमाने बघणारे लोक पहिल्या चित्रपटातलं दुःख इथे घेऊन येतात आणि हसायचं विसरतात.

त्याच्या नोकऱ्या मोजा. लष्करातून नालायक म्हणून हाकललेला. अधिकारी झापतोय आणि याला हसू आवरत नाही. मग क्रिस्तीन दार्बोंच्या, म्हणजे त्याच्या आवडत्या मुलीच्या, वडिलांच्या ओळखीने हॉटेलात रात्रपाळीचा कारकून. तिथे एक खासगी गुप्तहेर एका नवऱ्याला घेऊन येतो, याला बनवून खोली उघडायला लावतो, आत बायको परपुरुषाबरोबर. नोकरी गेली. ज्याने घालवली त्याच मस्यू आन्रीच्या शब्दावर हा गुप्तहेर संस्थेत लागतो. मग संस्थेचं काम म्हणून बुटांच्या दुकानात नोकर. शेवटी टीव्ही दुरुस्त करणारा.

पटकथेत ही सगळी विनोदी ठिगळं वाटतील. नीट पाहा, प्रत्येक काम त्याला कोणाच्या तरी खाजगी दारापाशी नेऊन उभं करतं. रात्रपाळीच्या कारकुनाकडे खोल्यांच्या किल्ल्या असतात. गुप्तहेराला लोकांकडे बघण्याचे पैसे मिळतात. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला घरातली माणसं स्वतःहून आत घेतात. आणि अन्त्वान प्रत्येक कामात कच्चा. बाईचा पाठलाग करतो तर इतका उघड्यावर, की ती पोलिसालाच हाक मारते. बघता येत नाही आणि बघणं सोडवतही नाही, हेच त्याचं प्रेमातलंही दुखणं. त्रुफोने ते कुठेही बोलून दाखवलेलं नाही, नोकरी म्हणून दाखवलं आहे.

फाबिएन ताबारच्या प्रेमात तो पडतो ते असंच. बुटांच्या दुकानाचा मालक मस्यू ताबार गुप्तहेर संस्थेत येतो आणि म्हणतो, मी कोणालाच आवडत नाही, का ते शोधून काढा. (मिशेल लोन्स्दालने हे इतक्या गंभीरपणे म्हटलंय की हसताना आपणच ओशाळतो.) मग अन्त्वानला दुकानात पेरायचं ठरतं. नोकरीसाठी खोका बांधायची परीक्षा. बाकीचे उमेदवार सफाईने बांधतात, याच्या हातात कागदाचा चोळामोळा. आणि निवड याचीच, कारण ती आधीच ठरलेली. आता हा माणूस मालकाच्या घरी काय चाललंय ते बघायला नेमलेला आहे, म्हणजे त्याने मालकाच्या बायकोकडे बघणं हे त्याचं कर्तव्यच झालं. ती दिसते आणि संपलं. हा संस्थेला तिचं वर्णन असं करतो, जणू देवी प्रकट झाली.

तुमचे वाचक 'का' विचारतात. इथे तो प्रश्न कोणी विचारत नाही, कारण गोष्टीने त्याला बघायलाच पाठवलेलं असतं. जाळाजवळ ठेवलेल्या लोण्याला तू का वितळलास असं आपण विचारत नाही.

आता माझ्या आवडत्या दृश्याकडे येते. यावर मी वर्गात एक अख्खा तास घालवते. ताबारबाई त्याला कॉफीला बोलावतात. दोघंच. संगीत लागलेलं. तो कपात बघतोय, ती त्याच्याकडे बघतेय. कोणी काही बोलत नाही. मग ती विचारते, संगीत आवडतं का? आणि हा म्हणतो, 'हो, सर.' कप कलंडतो, हा उठून जिन्याकडे धूम पळतो.

संकलकाच्या नजरेने बघा. विनोद 'हो, सर'मध्ये नाही. तो शब्दांच्या आधीच्या शांततेत भरून ठेवलेला आहे. आन्येस गियमोने, म्हणजे याच्या संकलक बाईंनी, ती शांतता कापली असती तर 'हो, सर' हा एक साधा चुकलेला शब्द उरला असता. मला हे उशिरा कळलं, आणि स्वतःच्या चुकीने कळलं. सुरुवातीच्या दिवसांत एका मराठी चित्रपटात मुलगा सायकलची चेन बसवता बसवता मुलीशी बोलतो असं दृश्य होतं. चेन सारखी निसटते. मी 'वेग यावा' म्हणून चेन कापली आणि संवाद ठेवले. आतल्या लोकांना दाखवलं तेव्हा सगळे खुर्चीत चुळबुळत होते. परत टेबलावर बसले, चेनचे चाळीस सेकंद परत घातले, अर्धे संवाद काढले. दुसऱ्यांदा लोक हसले, आणि ज्या जागी हसले तिथे एकही शब्द नव्हता.

त्या पळून जाण्यानंतर ताबारबाई त्याला भेटवस्तू पाठवतात आणि सोबत चिठ्ठी. त्यातला किस्सा असा: एक गृहस्थ चुकून न्हाणीघराचं दार उघडतो, आत बाई विवस्त्र. तो दार लोटून म्हणतो, 'माफ करा, बाईसाहेब.' ही सभ्यता. दुसरा त्याच जागी म्हणतो, 'माफ करा, साहेब.' हे तारतम्य. म्हणजे याची लाजिरवाणी चूक तिने उचलून नाजूकपणाची खूण करून टाकली. मराठीत हे कसं आणायचं यावर मी आणि माझी एक भाषांतरकार मैत्रीण अजून भांडतो. ती 'समयसूचकता' म्हणते, मला ते सरकारी शौर्यपदकासारखं वाटतं.

आरशाचं दृश्य तुम्हाला लांबलं असं वाटलं, तुम्ही प्रश्नात लिहिलंय. लांबलेलंच आहे. आरशापुढे उभा राहून तो ताबारबाईंचं नाव परत परत म्हणतो, मग क्रिस्तीनचं, मग स्वतःचं. वेग वाढत जातो, नावांचा चघळून चोथा होतो. आधी आपण हसतो, मग थोडं विचित्र वाटतं, मग काळजी वाटते, आणि तरी तो थांबत नाही. तुमच्या तीन पानांत नायक मित्राला जे सांगतो तेच हे: दोघींपैकी कोण, आणि मुळात मी कोण. फरक एवढाच, की याच्याकडे सांगायला वाक्यच नाही. फक्त तीन नावं.

मग पत्र. तो ताबारबाईंना लिहितो की आपलं जमणं अशक्य, आणि दाखला देतो फ्रेंच लेखक बाल्झाकच्या 'दरीतली लिली' या कादंबरीचा, जी तो सुरुवातीला लष्कराच्या कोठडीत वाचत होता. पत्र टाकतो ते नळीच्या टपालात. पॅरिसमध्ये १८६६पासून १९८४पर्यंत ही सोय होती: जमिनीखालून नळ्यांचं जाळं, आत हवेच्या दाबाने पळणाऱ्या डब्या, आणि पत्र त्याच दिवशी, बहुधा दोन-तीन तासांत, घरपोच. त्रुफो कॅमेरा त्या नळ्यांबरोबर पॅरिसच्या पोटातून नेतो, भिंतींवर रस्त्यांच्या नावांच्या पाट्या दिसत जातात. चित्रपटातली एकमेव 'थरारक' धावपळ ही, आणि ती एका पाकिटाची.

तुमच्या कामाची गोष्ट इथे आहे. एकदा टाकलेलं पत्र अन्त्वानला परत घेता येत नाही. उतावळ्या प्रेमाला अशी एक परत न घेता येणारी कृती लागते. तुमचा नायक व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो, खोडतो, पाठवतो, 'सगळ्यांसाठी डिलीट' करतो. त्याचं काहीच पणाला लागत नाही, म्हणून आपलंही लागत नाही. त्याला कुरिअर पाठवू द्या, तिच्या दारात झाडाची कुंडी ठेवू द्या, नाहीतर तिच्या आईला फोन लावू द्या. ज्याला 'अनडू' नाही असं काहीतरी.

पत्र मिळाल्यावर सकाळी ताबारबाई स्वतः त्याच्या खोलीवर येतात. हे सबंध चित्रपटातलं सर्वांत प्रौढ दृश्य. ताबारबाई झालेल्या देल्फीन सेरिगला तोवर प्रेक्षक ओळखत होते ते दिग्दर्शक आलँ रेनेच्या १९६१च्या चित्रपटातली गूढ, दूरची, पुतळ्यासारखी बाई म्हणून. इथे तीच येऊन सांगते की मी कोणी अवतरलेली मूर्ती नाही, बाई आहे, म्हणजे अगदी उलट. आणि मग व्यवहार ठरवते: मी आत्ता काही वेळ थांबते, त्यानंतर काहीही झालं तरी आपण पुन्हा भेटायचं नाही. तो पांघरूण गळ्यापर्यंत ओढून ऐकत राहतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, जी या चित्रपटाबद्दल फारशी बोलली जात नाही. उतावळेपणा मुलाचा, पण निर्णय बायकांचे. प्रकरण सुरू करून संपवते ती फाबिएन. आणि शेवटी सूत्रं हातात घेते क्रिस्तीन. अन्त्वान टीव्ही दुरुस्त करायला लागलाय हे कळल्यावर, आई-वडील बाहेरगावी असताना, ती घरचा टीव्ही मुद्दाम बिघडवून त्याच्या कंपनीला फोन करते. क्रिस्तीन झालेली क्लोद जाद तेव्हा एकोणीस वर्षांची. त्रुफोने तिला इटालियन नाटककार पिरांदेल्लोच्या नाटकात पाहून घेतलं होतं. तिचा शांत, किंचित खट्याळ चेहरा नसता तर ही युक्ती धूर्त वाटली असती. चित्रपटभर आपण अन्त्वानची धांदल बघत असतो आणि ती शांतपणे त्याच्यापुढे चार पावलं असते. तुमच्या पटकथेत पहिली मुलगी फक्त वाट बघते. वाचकांना नायक आवडत नाही याचं अर्धं कारण मला ते वाटतं.

त्यानंतर काय होतं ते आपल्याला दाखवत नाहीत. सुटे भाग पसरलेल्या टीव्हीवरून कॅमेरा जिना चढून वर जातो आणि दोघं अंथरुणात झोपलेले. सकाळी न्याहारी. तिकडचा बिस्कोत म्हणजे आपल्या बेकरीतला चहाबरोबरचा कडक टोस्ट समजा. लोणी लावायला गेलं की मोडतो. ती त्याला दाखवते, एकाखाली दुसरा ठेवायचा, मग मोडत नाही. मग दोघं कागदाच्या चिटोऱ्यांवर एकमेकांना काहीतरी लिहून देतात. काय लिहिलंय ते आपल्याला कधीच वाचायला मिळत नाही. शेवटी तो टेबलावरचं बाटलीचं ओपनर घेतो आणि त्याचं कडं तिच्या बोटात सरकवतो. झाली मागणी घालून.

लग्नाची मागणी, संवाद शून्य, आणि साहित्य काय तर टोस्ट, पेन्सिल, ओपनर. हे दृश्य मी वर्गात आवाज बंद करून दाखवते. कोणालाच काही कमी वाटत नाही.

आता दोन गोष्टी, ज्या गुणगान गाणारे लोक गाळतात. एक, वेश्यांकडे जाण्याचे प्रसंग. लष्करातून सुटल्यावर हा थेट तिकडे जातो. पुढे मस्यू आन्री कामावर फोनवर बोलता बोलता जागच्या जागी मरतो (विनोदी चित्रपटाच्या मध्यावर असा मृत्यू ठेवायला छाती लागते) आणि दफनविधीनंतर हा पुन्हा तिकडेच. मृत्यूनंतरची ती ओढ मला समजते, पण त्या बायकांना चेहरा देण्याची तसदी कॅमेऱ्याने घेतलेली नाही. दोन, पाठलाग. बायकांच्या मागे मागे जाणं इथे गोड धरलंय. आज मराठीत तसंच्या तसं लिहाल तर नायकाला चोप बसला पाहिजे, आणि बसावाच. पोलिसाला बोलावणारी बाई चित्रपटात आहे, म्हणजे त्रुफोला अगदीच कळत नव्हतं असं नाही. पण तेवढ्यावर त्याने भागवलं.

हेरगिरीबद्दल जाता जाता एक. या चित्रपटाच्या तयारीसाठी लेखकांनी खऱ्या गुप्तहेर संस्थेत चौकशी केली होती. त्याच संस्थेला त्रुफोने नंतर स्वतःचं काम दिलं: ज्याला तो कधी भेटला नव्हता त्या आपल्या जन्मदात्याचा शोध. तो माणूस बेल्फोर शहरात दंतवैद्य असल्याचं निघालं. हे कळल्यावर चित्रपटातली ती वेंधळी हेरगिरी मला पूर्वीइतकी नुसती मजेची वाटेनाशी झाली. मस्यू ताबारचं 'मी कोणाला का आवडत नाही' हेसुद्धा.

आणि शेवट, ज्याने तुम्हाला गोंधळात टाकलं. मध्ये मध्ये एक कोटवाला माणूस क्रिस्तीनच्या मागे दिसतो. आपल्याला वाटतं हाही हेरच. शेवटी दोघं बागेत बाकावर बसलेले असताना तो येतो आणि तिला सांगतो: माझं प्रेम कायमचं आहे, बाकीचे सगळे तात्पुरते, माझ्या आयुष्यात दुसरं काहीही नाही. तिला विचार करायला वेळ देऊन निघून जातो. ती म्हणते, वेडा दिसतोय. अन्त्वान म्हणतो, हो, असणार. आणि हे म्हणताना लेओचा चेहरा बघा. दीड तास हाच मुलगा हीच भाषा बोलायला धडपडत होता, आणि आता ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकून त्याला स्वतःचं नाव आरशात ऐकल्यासारखं होतं. दोघं उठून चालू लागतात, आणि फ्रेंच गायक शार्ल त्रेनेचं ते जुनं गाणं, ज्यातून चित्रपटाचं नाव घेतलंय, पुन्हा येतं: आपल्या प्रेमांचं उरतं तरी काय. सुखान्त दिला आणि त्याच्या उशाला हे गाणं ठेवलं.

तर तुमच्या पटकथेपुरतं. पान ३१ ते ३३, मित्राच्या खोलीतला संवाद, काढा. तुमच्या नायकाची दुसरी नोकरी पाणी शुद्ध करणारी यंत्रं दुरुस्त करण्याची आहे, हे तुम्ही एका ओळीत उडवून टाकलंय. ती ओळ सोन्याची आहे. तो महिन्यातून एकदा त्या बाईच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली डोकं घालून बसतो. ती वरून बोलते, त्याला फक्त तिचे पाय आणि आवाज. गाळणी बदलायला किती मिनिटं लागतात ते एखाद्या कारागिराबरोबर बसून घड्याळ लावून मोजा, आणि तेवढाच वेळ त्या दृश्याला द्या. पहिल्या मुलीला वाट बघायला लावू नका. तिच्या घरचं यंत्र बिघडू शकतं. आणि पुढचा खर्डा पाठवलात तर त्या दृश्यात संवाद किती ओळींचे आहेत ते आधी मोजून लिहा. सहाच्या वर असतील तर मी वाचायच्या आधीच परत पाठवेन.